निवडून आलेली समाजवादी सरकारं आधी कुठे अडतात? चिली, फ्रान्स, ग्रीस आणि डॉलरचा हिशेब

नांगरट

समाजवादी राजकारणावर बोलायला बसलं की चर्चा लगेच 'निवडणूक की क्रांती' या वादात शिरते आणि तिथेच रुतून बसते. या धाग्यापुरता तो वाद बाजूला ठेवू. प्रश्न एवढाच आहे: समाजवादी कार्यक्रम घेऊन निवडून आलेलं सरकार पहिल्या दोन वर्षांत नेमकं कुठे अडतं? माझं म्हणणं, सगळ्यात आधी परकीय चलनावर. लष्कर, न्यायालयं, बडी वर्तमानपत्रं विरोधात असतातच, पण त्यांना हिंमत येते ती दुकानांतून माल गायब झाल्यावर.

चिलीबद्दल बोलताना बहुतेकांना शेवटचा दिवस आठवतो, लष्करी बंडाचा, ११ सप्टेंबर १९७३. हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून मांडायला हवा. ४ सप्टेंबर १९७० च्या निवडणुकीत डाव्या आघाडीचे साल्वादोर आयेंदे ३६ टक्क्यांच्या थोडी वर मतं घेऊन पहिले आले. दुसरे, उजव्यांचे आलेस्सांद्री, दीडेक टक्क्याने मागे. कुणालाच निम्मी मतं नाहीत म्हणून निवड संसदेकडे गेली आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या पाठिंब्यावर सरकार ३ नोव्हेंबरला आलं. गंगाजळी, म्हणजे परकीय चलनाचा साठा, तेव्हा बरी होती, कारण आधीची काही वर्षं तांब्याचा भाव चढा होता. पहिल्या वर्षी पगार वाढवले, किमती बांधल्या, पडून असलेली यंत्रं चालू झाली, उत्पादन ८ टक्क्यांच्या आसपास वाढलं. डॉलरचा सरकारी दर मात्र १९७१ चा डिसेंबर उजाडेपर्यंत हलवला नाही. गरिबाच्या हातात पैसा आला की तो आधी पोटभर जेवतो, त्यामुळे अन्नाची आयात वाढली. नेमकं तेव्हाच तांबं उतरलं: १९७० मध्ये पौंडाला सरासरी ६४ सेंट, पुढची दोन वर्षं ४९ च्या आसपास. उत्पादन वर्षाला सुमारे ७ लाख टन, म्हणजे दीड अब्ज पौंडांहून थोडं जास्त. भाव एक सेंट उतरला की दीड कोटी डॉलर गेले, १५ सेंट उतरला की २३ कोटी. आणि देशाच्या निर्यातीचा तीन चतुर्थांश भाग याच एका धातूचा. नोव्हेंबर १९७१ मध्ये, सरकारला जेमतेम वर्ष होतंय तोवर, परदेशी कर्जाचे हप्ते थांबवल्याचं जाहीर करावं लागलं.

यात वॉशिंग्टनचा हात किती, यावर पुढे वाद होणारच आहे, म्हणून माझी बाजू आधीच मांडून ठेवतो. हात मोठा होता, पण तो दिसत नव्हता. बंदरं अडवली नाहीत की निर्बंध जाहीर केले नाहीत. जागतिक बँकेने नवं कर्ज दिलं नाही. अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेने ऑगस्ट १९७१ मध्ये बोइंग विमानांसाठीचं २ कोटी १० लाख डॉलरचं कर्ज नाकारलं. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीच्या अहवालानुसार अमेरिकी बँकांची अल्प मुदतीची उधारी आधीच्या सरकारच्या काळात ३० कोटी डॉलरच्या घरात होती, ती १९७२ मध्ये ३ कोटींवर आली. लष्करी मदत मात्र चालूच होती.

रात्रपाळी

धागा आवडला. त्या ३० कोटींच्या उधारीबद्दल थोडं, कारण बहुतेक लोक 'कर्ज बंद' म्हणजे 'धरणाचा निधी बंद' असं समजतात.

ही उधारी धरणाची नसते, ती सुट्या भागांची असते. आयातदार बाहेरच्या पुरवठादाराकडे बेअरिंग, टायर, पंपाचे सील मागवतो. पुरवठादार ९० किंवा १८० दिवसांनी पैसे घ्यायला तयार असतो, कारण मधे एखादी बँक पतपत्र देऊन हमी घेते. बँकेने मर्यादा काढून घेतली की पुरवठादार रोख, तीही आगाऊ मागतो. म्हणजे तोच माल, तीच किंमत, पण डॉलर सहा महिने आधी लागतात. समजा देश महिन्याला १० कोटींची आयात करतो आणि त्यातली निम्मी ९० दिवसांच्या उधारीवर आहे. ही सोय गेली की जुनी देणी फिटेपर्यंत नव्या मालाचे पैसे जोडीने भरावे लागतात: ५ कोटी गुणिले ३, म्हणजे १५ कोटींचा एकरकमी खड्डा. कुणी भांडवल पळवलेलं नाही, कुणी कायदा मोडलेला नाही.

त्याचा परिणाम जमिनीवर कसा दिसतो? १९७२ च्या अखेरीस चिलीच्या अर्थखात्याचा अंदाज असा होता की चुकिकामाता खाणीतले जवळजवळ एक तृतीयांश डिझेल ट्रक सुटे भाग आणि टायर नसल्यामुळे उभे आहेत. सरकारी बसगाड्यांचंही प्रमाण साधारण तेवढंच. आता ही साखळी बघा. ट्रक उभा राहिला की खडक खाणीतून वर येत नाही, खडक नाही तर तांबं नाही, तांबं नाही तर डॉलर नाहीत आणि डॉलर नाहीत म्हणून टायर नाहीत.

उभाछेद

मी या बाबतीत थोडा कडवट आहे, आधीच सांगतो. 'अदृश्य नाकेबंदी' ही गोष्ट अर्धीच खरी आहे. तांब्याचा भाव पडल्याबद्दल भरपाई म्हणून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने याच सरकारला १९७१ आणि १९७२ मध्ये कर्ज दिलं. एप्रिल १९७२ मध्ये पॅरिस क्लबने, म्हणजे कर्ज देणाऱ्या सरकारांच्या गटाने, देणी पुढे ढकलली. पश्चिम युरोप, शेजारी देश, सोव्हिएत गट, सगळीकडून नवी पत मिळाली. आता ती बहुतेक त्यांचाच माल घ्यायच्या अटीवर होती, आणि सोव्हिएत ट्रॅक्टर घेऊन अमेरिकी ट्रकचा टायर बदलता येत नाही, हे मान्य.

पण महागाई कुणी आणली? १९७१ मध्ये सुमारे २० टक्के होती, १९७३ मध्ये ५०० च्या पुढे. अर्थसंकल्पातली तूट मध्यवर्ती बँकेने नोटा छापून भरली. किमती बांधलेल्या, पगार वाढलेले आणि डॉलर गोठवलेला. या तिन्ही गोष्टी एकत्र एकच वर्ष चालतात, तेही गोदामं भरलेली असली तर. वर्ष सरलं की माल मागच्या दाराने जायला लागतो. मग वाटपासाठी वस्तीवस्तीत पुरवठा आणि किंमत समित्या उभ्या कराव्या लागतात. समित्या तळमळीने काम करत होत्या यात शंका नाही, पण बांधलेल्या भावाच्या पाचपट काळाबाजार असेल तर कोणतीही समिती गळती थांबवू शकत नाही. अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन नसता तरी हे झालंच असतं. एवढं नक्की की त्याच्यामुळे ते लवकर झालं आणि शेवट रक्तात झाला.

मधला_बाक

दोघेही अर्थशास्त्रातच अडकलात. मला वाटतं खरी चूक वेळेची होती, आणि ती राजकीय होती.

संसदेत आयेंदेंच्या आघाडीला बहुमत नव्हतं. तरीही ११ जुलै १९७१ ला तांब्याच्या राष्ट्रीयीकरणाची घटनादुरुस्ती एकमताने झाली, उजव्यांनीही मत दिलं. बँका तर कायदा न करताच घेतल्या: सरकारी विकास महामंडळाने बाजारात उतरून भागधारकांकडून शेअर विकत घेतले. पण कारखाने घ्यायची वेळ आली तेव्हा कायदा होईना, म्हणून १९३२ चा एक विसरलेला हुकूम, क्रमांक ५२०, बाहेर काढला. टंचाई करणारा कारखाना सरकार ताब्यात घेऊ शकतं, असं त्यात होतं. कायद्याने हे बसत होतं, मात्र मधल्या वर्गाचा विश्वास त्यातच उडाला. उद्या कुणाचा कारखाना जाईल हे मालकालाच काय, मंत्र्यालाही सांगता येत नव्हतं, कारण पुष्कळदा कामगार आधी ताबा घेत आणि हुकूम मागून येई. छोटा मालक घाबरला. ऑक्टोबर १९७२ चा ट्रकमालकांचा संप त्या भीतीवर उभा राहिला. त्याला बाहेरून पैसे पोचले असले तरी ज्यांच्या मालकीचा एकच ट्रक होता ते केवळ पैशासाठी संपावर गेले नाहीत.

आता वेळेचा मुद्दा. एप्रिल १९७१ च्या स्थानिक निवडणुकीत आघाडीची मतं निम्म्याच्या आसपास गेली होती. संसद आणि मालमत्तेची चौकट यांवर जनमत घ्यायचं तर तेव्हाच. ते घेतलं नाही. मार्च १९७३ मध्ये महागाई पेटलेली असतानाही ४३-४४ टक्के मतं मिळाली, ही विरोधकांनाही धक्का देणारी गोष्ट होती. राष्ट्राध्यक्षांना काढायला लागणारं दोन तृतीयांश बहुमत त्यांना मिळालं नाही. पण तोवर ४४ टक्क्यांनी काही नवं करता येण्यासारखं उरलं नव्हतं. सप्टेंबर १९७३ मध्ये आयेंदे जनमताची घोषणा करणार होते. बंड त्याच्या आधी झालं.

पाटीपेन्सिल

एक बाळबोध शंका. तेल देशांनी एकत्र येऊन तेल महाग केलं. तांबं उत्पादक देशांनी तसं का नाही केलं? चिली एकटा थोडाच होता.

नांगरट

@पाटीपेन्सिल, शंका बाळबोध अजिबात नाही. तशी संघटना होती: १९६७ पासून चिली, पेरू, झांबिया आणि झाईर (आजचा काँगो). तेलाच्या यशानंतर त्यांनी १९७४-७५ मध्ये निर्यात आधी १० आणि मग १५ टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. भाव पडतच राहिले.

कारण तेल जाळलं की संपतं, तांबं संपत नाही. जुन्या तारा, मोटारी, भांडी वितळवून ते परत बाजारात येतं आणि भाव चढला की भंगार जास्त येतं. शिवाय वीजतारांत अॅल्युमिनियम चालतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: उत्पादन रोखून धरायला ज्याच्याकडे शिल्लक डॉलर आहेत असा एक तरी सदस्य लागतो. तेलात सौदी अरेबिया होता. इथे चारही देश कर्जात, आणि ज्याला महिनाअखेरीस धान्य आणायचंय तो उत्पादन कसं रोखणार? 'तिसऱ्या जगाची एकजूट' या घोषणेचं घोडं इथेच पेंड खातं. १ मे १९७४ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा जाहीरनामा मंजूर झाला. तत्त्वं चांगली होती, पण कच्च्या मालाचे साठे विकत घेऊन ठेवायला पैसा कोण देणार हे ठरलं नाही.

कोरडाठाक

चिली गरीब, एका धातूवर जगणारा, म्हणून अडला असं वाटत असेल तर फ्रान्स बघा. श्रीमंत, अण्वस्त्रधारी, वॉशिंग्टनची सुपारी वगैरे काही नाही.

१० मे १९८१ ला समाजवादी मितराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. किमान वेतन १० टक्के वर, पाचवा आठवडा पगारी रजा, आठवडा ३९ तासांचा, निवृत्ती साठाव्या वर्षी. फेब्रुवारी १९८२ च्या कायद्याने मोठे उद्योगसमूह, ३६ बँका आणि दोन वित्त कंपन्या सरकारी झाल्या. त्यातही एक गंमत आहे. ५१ टक्के घेतले तरी ताबा मिळतो, असं त्यांचेच मंत्री रोकार आणि दलोर सांगत होते. आग्रहाने १०० टक्के घेतले. वर कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या घटना परिषदेने जानेवारीत भरपाईचं सूत्रच रद्द केलं आणि रक्कम वाढली. जो पैसा यंत्रसामग्रीत जायचा तो जुन्या भागधारकांच्या खिशात गेला.

परकीय चलनावरचं नियंत्रण फ्रान्समध्ये आधीपासून होतं, मे १९८१ मध्ये ते आणखी आवळलं. तरीही फ्रँक टिकला नाही, कारण पैसा सुटकेसमधून कमी आणि व्यापारातून जास्त गेला. जर्मनी आणि अमेरिका व्याज चढवून मागणी दाबत असताना एकट्या फ्रान्सने मागणी वाढवली. लोकांनी ती मागणी जर्मन मोटारी आणि जपानी व्हिडिओ रेकॉर्डर घेऊन पुरी केली. अवमूल्यन तीनदा झालं: ऑक्टोबर १९८१, जून १९८२, मार्च १९८३. तिसऱ्या वेळी जर्मन मार्क साडेपाच टक्के वर, फ्रँक अडीच टक्के खाली. प्रत्येक वेळी थोडंसं, उशिरा आणि सगळ्यांना आधीच कळलेलं. सट्टेबाजांना यापेक्षा सोपी कमाई नाही. मार्च १९८३ मध्ये सरकारपुढे दोनच वाटा होत्या: चलनांचे दर एकमेकांना बांधणाऱ्या युरोपीय चलन व्यवस्थेतून बाहेर पडून आयातीवर बंधनं घालायची, नाहीतर काटकसर. गंगाजळी इतकी आटली होती की बाहेर पडून फ्रँक मोकळा सोडला तर त्याला सावरायला हातात काही नव्हतं. काटकसर आली, आणि परदेशी सहलीला जाणाऱ्या प्रौढाला २००० फ्रँकची मर्यादा घातली. डाव्या सरकारला स्वतःच्याच मतदारांच्या सुट्टीवर पहारा ठेवावा लागला.

बाहेर पडायचंच होतं तर मे १९८१ मध्ये, सत्ता हाती आल्यावर पहिल्याच सोमवारी. तेव्हा अवमूल्यन केलं असतं तर दोष आधीच्या सरकारवर गेला असता. मितराँनी नकार दिला. निवडून आल्याबरोबर चलन पाडणं त्यांना मानहानी वाटली.

रात्रपाळी

@कोरडाठाक, 'व्यापारातून गेला' याची यंत्रणा सांगायलाच हवी, कारण डाव्या जाहीरनाम्यांत 'भांडवल नियंत्रण' हा शब्द लिहून विषय संपवतात.

निर्यातदाराचे पैसे बाहेर येणे आहेत. अवमूल्यन होणार असं त्याला वाटलं की तो ग्राहकाला सांगतो, महिनाभर थांब. आयातदार उलटं करतो, पुढच्या महिन्याचे पैसे आजच भरतो. महिन्याची निर्यात १०० आणि आयात १०० असेल तर एवढ्यानेच २०० ची तूट पडते, म्हणजे दोन महिन्यांची आयात. तीन महिन्यांची गंगाजळी सुरक्षित मानणारं सरकार पहिल्या आवईतच एका महिन्यावर येतं. यावर उपाय आहेत, पण ते रटाळ आहेत: निर्यातीचे डॉलर आणून जमा करायची मुदत १८० दिवसांवरून ३०-४५ वर आणायची, आणि माल जकातीतून सुटल्याशिवाय आयातीचे पैसे सोडायचे नाहीत.

नंतर येते बिलांची लबाडी. ८० चा माल १०० ला दाखवला की २० बाहेर राहिले. जकात खात्याला दर वस्तूचा खरा भाव माहीत नसतो. म्हणून सगळं तपासायला जाऊ नये. परवान्यांचा ढीग साचतो, औषधं गोदीत पडून राहतात आणि दलाल जन्माला येतात. ज्या वस्तूंवर आयातीचा बहुतेक खर्च होतो त्या मोजक्याच असतात: इंधन, धान्य, औषधं, यंत्रांचे भाग. तेवढ्यांची खरेदी सरकारी मंडळाकडे घ्यावी आणि बाकी मालासाठी महाग दराचा वेगळा डॉलर ठेवावा. मात्र दोन दरांतलं अंतर दुपटीच्या पुढे गेलं की कोणताही कारकून, कितीही निष्ठावान असला तरी, ते रोखू शकत नाही.

ही नियंत्रणं चालू शकतात, याचा दाखला गैरसमाजवादी आहे. मलेशियाने १ सप्टेंबर १९९८ ला रिंगिट हे आपलं चलन देशाबाहेर खेळवणं बंद केलं, परदेशातले रिंगिट महिन्याभरात परत आणायला लावले, शेअर बाजारातला परका पैसा १२ महिने अडकवला आणि दुसऱ्या दिवशी डॉलरचा दर ३.८० ला बांधला. पुढे १९९९ मध्ये ५०० आणि १००० च्या नोटाही रद्द केल्या, म्हणजे पिशवीतून नेणं अवघड. नोटा सोडल्या तर सगळं एकदम आणि आधी न बोलता.

मधला_बाक

ग्रीसचं काय मग? त्यांच्याकडे तर स्वतःचं चलनच नव्हतं.

रात्रपाळी

ग्रीसमध्ये गंगाजळीची जागा फ्रँकफर्टमधल्या एका निर्णयाने घेतली. २५ जानेवारी २०१५ ला सिरिझा या डाव्या पक्षाला ३०० पैकी १४९ जागा मिळाल्या. ४ फेब्रुवारीला युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक सरकारी रोखे तारण म्हणून घ्यायची सवलत काढली. त्यानंतर ग्रीक बँका जगल्या त्या आणीबाणीच्या कर्जावर, आणि त्याची कमाल मर्यादा बहुधा दर आठवड्याला फ्रँकफर्टमध्ये ठरत होती. म्हणजे कर्जदात्यांशी वाटाघाटी चालू असताना समोरच्याचा हात नळावर. ठेवी २०१४ च्या अखेरीच्या १६० अब्ज युरोंवरून जुलैपर्यंत १२० च्या आसपास आल्या. एप्रिलमध्ये सरकारने नगरपालिकांची शिल्लक रोकडही मध्यवर्ती बँकेत ओढून घेतली. हे अर्थातच समोरच्यालाही दिसत होतं.

कर्जदात्यांच्या अटींवर जनमत जाहीर झाल्यावर २८ जूनला मर्यादा गोठवली. दुसऱ्या दिवशी बँका बंद आणि एटीएमवर दिवसाला ६० युरो. ५ जुलैला ६१ टक्के 'नाही'. आठच दिवसांत जवळजवळ त्याच अटींवर होकार.

वेगळ्या चलनाची तयारी नव्हती हे अनेकदा लिहिलं जातं. तयारी म्हणजे काय तेही सांगू. १९९३ मध्ये चेकोस्लोव्हाकिया फुटल्यावर दोन्ही देशांनी फेब्रुवारीत चलन वेगळं केलं. नव्या नोटा छापायला वेळ नव्हता, म्हणून जुन्या नोटांवर चिकट तिकिटं लावली. बदलायला चार दिवस दिले आणि ८ फेब्रुवारीपासून चलनं वेगळी. नाणी आणि लहान नोटा काही काळ तशाच चालू दिल्या. पण तिथे दोन्ही बाजूंची संमती होती आणि जुना कोरुना देशाबाहेर कुणी साठवून ठेवत नव्हतं. युरोच्या नोटेवर तिकीट लावायला तो बँकेत कोण आणून देईल?

उभाछेद

म्हणजे फिरून मीच म्हणतोय तिथे आलो. बाहेरची बाजू नीट सांभाळूनही आतली बाजू मारते. मोरालेस यांच्या सरकारचं बोलिव्हिया घ्या. १ मे २००६ चा हुकूम: सगळ्यात मोठ्या वायुक्षेत्रांच्या उत्पन्नातले ८२ टक्के सरकारला, कंपन्यांना नवे करार करायला १८० दिवस. कंपन्यांनी करार केले, कारण वायू नळातून ब्राझीलला जातो आणि नळ उचलून नेता येत नाही. गंगाजळी २०१४ मध्ये १५ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. एवढ्या लहान अर्थव्यवस्थेला हे खूपच.

पण २०११ पासून डॉलर ६.९६ बोलिव्हियानोला बांधला तो बांधलाच. वायूचं उत्पादन उतरत गेलं, पेट्रोल-डिझेल आयात करून तोट्यात विकलं गेलं, त्यातलं बरंच सीमेपलीकडे गेलं. २०२३ मध्ये बँकांत डॉलर मिळेनात आणि वर्ष संपताना गंगाजळी २ अब्जांच्या खाली, त्यातही बहुतेक सोनं. यात कुठे आहे अदृश्य नाकेबंदी?

नांगरट

बोलिव्हियात नाकेबंदी नव्हती, मान्य. पण त्यांना उपाय माहीत नव्हता असं नाही. २६ डिसेंबर २०१० ला इंधनाचे भाव एका फटक्यात ७० टक्क्यांहून जास्त वाढवले होते. एल आल्तो शहरात लोक रस्त्यावर उतरले, जे सरकारचेच मतदार होते, आणि ३१ डिसेंबरला निर्णय मागे. त्यानंतर मोरालेस सरकारने त्या विषयाला हात लावला नाही. म्हणून तुमच्या 'आतल्या बाजू'त अर्थमंत्र्याइतकीच ही पाच दिवसांची गोष्टही धरा. वाढ पाच वर्षांत वाटून, दरमहा थोडी, आणि बसभाड्याचं अनुदान आधी लोकांच्या खात्यात टाकून केली असती तर? २००६-०७ मध्ये लोकप्रियता शिखरावर असताना हे जमण्यासारखं होतं. तेव्हा डॉलर भरपूर येत होते, त्यामुळे कुणालाच घाई नव्हती.

उभाछेद

दरमहा थोडी वाढ म्हटलं की साठेबाज दर महिन्याच्या २५ तारखेला टाक्या भरणार. तारीख जाहीर करायची नाही आणि वाढ साठवणुकीच्या खर्चापेक्षा कमी ठेवायची, एवढं पाळलं तर पटतं. अनुदान आधी, वाढ नंतर, हा क्रम मात्र शंभर टक्के मान्य.